परक्याचं नाक

माझा मामा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. शेगडी, गीझर, थंडीतला हीटर, प्रोपेनच्या टाकीवर घरात जे जे चालतं ते सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. पण त्याची एक खोड होती. कुणाकडेही गेला की आधी शेजाऱ्याला बोलवायचा. वास येतो का, हे घरातल्यांना विचारायचाच नाही. रोजच्या वासाला नाक सरावतं आणि मग बिनदिक्कत खोटं बोलतं, असं त्याचं म्हणणं. शेजारी दारात उभा राहून हुंगायचा, त्यानंतर मामा नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचा.

घरमालकांना याचा राग यायचा. आमच्या घरातलं आम्हाला कळत नाही का, म्हणत एका बाईने त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. लग्नाला होकारही शेजाऱ्याला विचारूनच दिलास ना, असं आम्ही त्याला चिडवायचो.

त्या हिवाळ्यात मी आठ महिन्यांनी त्याच्याकडे गेले. मामीचं तोंड सुकलेलं होतं. महिनाभर डोकं जड आहे, मामा रोज गोळी आणून देतो, म्हणाली. मांजरही ओट्याखालची जागा सोडून माळ्यावर झोपायला लागली होती. मांजरीला म्हातारपणी नखरे सुचतात, मामा स्वयंपाकघरातून म्हणाला. गार वाऱ्यामुळे दोन दिवस खिडक्या बंद होत्या.

स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली होतं. प्रोपेन हवेपेक्षा जड, ते खालीच साचत जातं, हे मला लहानपणी मामानेच शिकवलेलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सडक्या कांद्यासारखा वास आला. खाली मामा माझ्यासाठी चहाचं आधण ठेवून काडेपेटी उघडत होता.

"मामा, काडी ओढू नकोस. वास येतोय."

त्याने नाक वर करून हुंगलं.

"मला नाही येत," तो म्हणाला. आवाजात त्याला दारातून वाटेला लावणाऱ्या बाईचीच ऐट होती. काडी पेटीला टेकलेली होती.

"मी आता या घरात परकी आहे, मामा. माझं ऐक."

तो तसाच थांबला. मग काडेपेटी अलगद खाली ठेवली.

"दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका," तो हळूच म्हणाला.

त्याने टाकी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या आणि आम्ही बराच वेळ बाहेर कुडकुडत उभे राहिलो. घर मोकळं झाल्यावर त्याने टाकी जराशी उघडून नळीला फेस लावला. कपाटामागे, नळी वळते तिथे, बुडबुडे फुगत होते. वर्षभरात त्याने तिथे हात घातला नव्हता, कारण वास कधी आलाच नव्हता.

कधीपासून गळत असेल, मामीने विचारलं. मामाने ओट्यावरची गोळ्यांची रिकामी पाकिटं एकेक करून मोजली. टाकी पुन्हा बंद करून तो उठला आणि शेजाऱ्याचं दार वाजवायला गेला.