पहिले सांगा, मंग फोटो

"अक्कल आहे की नाही? जनावरं आहात का?"

साहेब ओरडला आणि मायच्या हातातली पांढरी पट्टी हिसकून घेतली. माय तापाने फणफणलेली. तरी तिने आधी पदर सावरला, मग म्हणाली, "पुसून देल्ली ना जी साहेब."

हीच तिची चूक. ती डेंग्यू तपासायची पट्टी होती. मायच्या बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब टाकलेला आणि पट्टी तिच्याच हातात धरायला दिलेली. पाहुण्याची वस्तू घाण करून परत द्यायची नाही, हे मायच्या अंगात मुरलेलं. तिने तो थेंब पदराने पुसला आणि पट्टी दोन्ही हातांनी परत दिली. साहेबासोबत आलेली शहरातली पोरं फिदीफिदी हसली.

धानोऱ्याच्या पुढे जंगलात आमचं गाव. भाताच्या रोवणीचे दिवस, घराघरात ताप. शाळेच्या व्हरांड्यात साहेबाच्या कंपनीने टेबल मांडलं होतं. तपासणी आहे, एवढंच गावात सांगितलं. मी बी.ए. झालेली, तरी चिखलातच. रोवणी सोडून मायला धरून आणलं. साहेबाने आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा, तुम्ही ते," म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवली. माझ्या आज्याने धम्म घेतला तेव्हा हा माणूस जन्मलाही नव्हता. पण त्याच्या तोंडातलं "ते" काही गेलं नाही.

मायचं बोट दुसऱ्यांदा टोचलं. थोड्या वेळाने एका पोराने मोबाइलवर पट्टीचा फोटो काढला आणि पट्टी खोक्यात टाकली.

"काय निघालं?" मी विचारलं.

"हे रिपोर्टसाठी नाही," साहेब म्हणाला. "एआयला शिकवायला फोटो हवेत. शिकलं की फोनच रिझल्ट सांगेल, पट्टीवरची फिकट रेघसुद्धा पकडेल. चला, पुढचा."

मशीन शिकणार मायच्या रक्तावर. आणि माय? ती ताप घेऊन घरी जाणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मशीनशी माझं भांडण नव्हतं. जिथे डॉक्टर फिरकत नाही, तिथे फोनने ताप ओळखला तर आम्हाला हवंच आहे. पण आम्ही काय नुसतं रक्त आहोत?

मी खोकं उचललं आणि छातीशी धरलं.

"पहिले माह्या मायले सांगा."

"तू कोण मला सांगणारी?"

"जिचं रक्त घेतलं, तिची पोरगी."

"तुम्हा लोकांना सांगून काय समजणार आहे?"

हे सगळ्यांनी ऐकलं. रांगेत बसलेले लोक उठले. कुणी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. आपापलं बोट मुठीत घेऊन उभे राहिले. मायनेही मूठ वळली. एक बोट पुढे येईना. तेव्हा कुठे साहेबाने माझ्यासमोर खोक्यातून मायची पट्टी काढून पाहिली. डेंग्यू होता. मायला त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. त्याने गाडी खुशीने दिली नाही. आम्ही चाकापुढून हटलो नाही.

माय वाचली. आता सोडून दे, असं लोक म्हणतात. काऊन सोडू? आमच्या आधी हे लोक ज्या गावांत गेले, तिथल्या पट्ट्या अशाच न सांगता खोक्यात गेल्या. त्यांचे फोटो मशीनकडे आहेत. त्या घरांतल्या तापाचं काय झालं, ते कुणी विचारायलाही गेलं नाही.

कंपनीवाले पुन्हा आले. या वेळी बिस्किटं घेऊन. आम्ही ग्रामसभा बोलावली. आमच्याकडे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कुणी उठत नाही. गोंड, बौद्ध, सगळे खाली बसलो. साहेबालाही खालीच बसवलं. पहिली बोलली माय.

"आता पुसून नाई देणार साहेब. पण पहिले सांगाचं, मंग फोटो. आन् गाडी इथीच उभी पाह्यजे."

"वर विचारून कळवतो," साहेब म्हणाला.

"विचारा," मी म्हणाले. "तोपर्यंत या गावात एकही मूठ उघडणार नाही."

त्याची बिस्किटं त्याच्याच गाडीत नेऊन ठेवली.