पोपटच्या माडाचं पहिलं फळ

चार-पाच वर्षं मी आमच्या गावदेवीचं तोंड पाहिलं नव्हतं. केळव्यात राहून हे जमवणं सोपं नाही, कारण बाजाराला जा की एसटी पकडायला जा, रस्ता देवळावरूनच जातो. मी आपली मान खाली घालून, नाहीतर पिशवीत काहीतरी शोधत पुढे निघायची. भांडण म्हणाल तर भांडणही नव्हतं. भांडायला समोरच्याने बोलावं लागतं. मी एकदाच मनापासून काहीतरी मागितलं होतं, ते मिळालं नाही, आणि आमचं येणंजाणं थांबलं, एवढंच. नवरात्रात घरातल्या बायका ओटी भरायला निघाल्या की मी म्हणायची, दूध तापत ठेवलंय, तुम्ही व्हा पुढे. ते दूध किती वर्षं तापत होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

मागितलं होतं ते कुत्र्यासाठी. कुणाला हसू आलं तर हसून घ्यावं, मला त्याचं काही वाटत नाही.

आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या भरभरून येतात आणि सोमवारी सकाळी किनारा रिकामा होतो. मागे चपला राहतात, बाटल्या राहतात आणि कधीमधी एखादा कुत्राही राहतो. गळ्यात चांगला पट्टा, अंगाला साबणाचा वास. सुरूच्या झाडाखाली बसून तो रस्त्याकडे बघत असतो. गाडी आली की उठतो, आपली नाही असं कळलं की बसतो. दुपारपर्यंत हे चालतं, मग गावातली कुत्री त्याच्यावर धावून येतात. अशा एकाला मी पहिल्यांदा घरी आणलं तो सोमवार होता, म्हणून तो सोम्या. दुसरी चिंगी. तिला आमच्या ह्यांनी उमरोळीहून आणली. हे तेव्हा तारापूरच्या कारखान्यात कामाला होते, आणि येताना स्टेशनजवळ ही मागचा पाय ओढत चाललेली दिसली. तिसरा पोपट. तो मला किनाऱ्यावरच सापडला. हिरवा पट्टा होता म्हणून पोपट, दुसरं काही नाही. रंगाने तो मातकट होता.

सोम्या म्हातारा होऊन गेला, चिंगी झोपेत गेली. वाईट वाटलं, दोन दिवस भाकरी गोड लागली नाही, पण तक्रार नव्हती. आलेला जातोच. पोपटचं तसं नव्हतं. तो ऐन भरात होता. गोचिडांचा ताप त्याच्या रक्तात गेला. पालघरला डॉक्टरकडे रिक्षातून नेऊन आणलं, सलाईन लावली, तरी दिवसेंदिवस तो खंगतच गेला. तेव्हा मी देवीकडे गेले आणि म्हटलं, साडी नेसवीन, ओटी भरीन, पण याला राहू दे. जन्मात कधी हात पसरला नव्हता, तो पसरला. दुसऱ्या दिवशी पोपट उठून उभा राहिला, वाटीभर पेज प्यायला, शेपटी हलवली. आणि तिसऱ्या दिवशी गेला. मला ते जास्त लागलं. द्यायचं नव्हतं तर दाखवलं कशाला?

आमच्याकडे वाडीत जे मरतं ते माडाच्या मुळाशी जातं. म्हैस असो, बकरी असो, नासलेली सुकट असो, खड्डा खणायचा, मीठ टाकायचं आणि पुरायचं. माड ते खातो आणि फळ देतो. ह्यांनी विहिरीच्या अंगाला खड्डा खणला, पोपटला ठेवला आणि वर लवकर फळ धरणारं, ठेंगण्या जातीचं एक नवं रोप लावलं. म्हणाले, जागा रिकामी कशाला ठेवायची. हे असेच आहेत. रडायचं असलं की काहीतरी काम काढतात.

ते रोप भराभर वाढलं. एरवी रोपं उन्हाने करपतात, नाहीतर भुंगा शेंडा खातो, ह्याला काही म्हणजे काही झालं नाही. गेल्या वर्षी त्याला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली आणि पाच-सहा नारळ धरले. आता रीत अशी आहे की नव्या माडाचं पहिलं फळ देवीचं. ते तिच्यापुढे वाढवल्याशिवाय त्या माडाचं खोबरं घरात कुणी तोंडात घालत नाही, विकत तर नाहीच नाही. मी त्या घडाकडे रोज बघायची. मनाशी ठरवून टाकलं, पिकला की हाच नारळ घेऊन जायचं. तिच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, हा बघ, मी मागितला होता तो. तू ह्याला घेतलंस तर मी समजेन की तुझ्या दारी त्याचीही काही मोजदाद होती. मग आपलं बोलणं पुन्हा सुरू.

हे मी जाऊबाईंना बोलून बसले. त्या आमच्या घरात थोरल्या, मनाने वाईट नाहीत, पण सोवळ्याओवळ्याचं त्यांना भारी. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"अगो, कुत्र्याच्या मढ्यावर वाढलेला माड तो. त्याचा नारळ देवीला चालतो काय? नाय गो बाय, असा इटाळ नको करू."

मी वरवर म्हटलं, म्हशीच्या मढ्यावरचा चालतो, बकरीच्या चालतो, मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय. पण शंका एकदा शिरली की शिरली. देवळातल्या गुरवकाकांना विचारावं असं दहादा मनात आलं. पण ते नाही म्हणाले तर? मग पोपटही गेला, देवीही गेली. न विचारलेलंच बरं, असं करत मी दिवस ढकलले. नारळ तिकडे पिकत राहिले.

अशात लेकीकडे बोईसरला दोन-चार दिवस जाणं झालं. जाताना ह्यांना बजावलं होतं की विहिरीकडच्या माडाला हात लावायचा नाही. आल्यावर बघते तर माड मोकळा. माडांवर चढायला डोंगरातल्या पाड्यावरून लहानू येतो. तो सगळे उंच माड उतरवून खाली आला, ह्या ठेंगण्या माडाचा घड त्याच्या हाताशी लागला, त्याने कोयता मारला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमचे हे त्या वेळी चहा पीत होते. पुढे सोलणाऱ्यांनी सगळे नारळ सोलून एकच ढीग केला, आणि व्यापाऱ्याच्या टेम्पोने तो उचललाही. काही पोती पालघरच्या बाजाराला, एक पोतं देवळापुढच्या शेवंतीच्या दुकानात. सोललेला नारळ म्हणजे शेंडी आणि तीन डोळे. कुठला कुठल्या माडाचा, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

त्या दिवशी आमच्या घरात काय झालं ते मी लिहीत नाही. हे दोन वेळा जेवले नाहीत, म्हणजे मी वाढलं नाही. मला राग होता आणि रागापेक्षा भीती जास्त होती. ज्याच्यावर मी सगळं टांगून ठेवलं होतं, तोच हातचा गेला. पोपटच्या माडाच्या फळाची पालघरच्या कुठल्याशा खानावळीत चटणी झाली असेल, असं वाटून मला रडू आलं. तो मेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

शेवटी वेडी आशा म्हणून मी शेवंतीच्या दुकानात गेले. शेवंती आणि मी एका वयाच्या, एकमेकींचं सगळं जाणतो. पोतं मोकळं करून तिने तिच्या आधीच्या नारळांत मिसळलं होतं. मी खाली बसून एकेक नारळ उचलायला लागले. कानाशी धरून हलवायचे, वास घ्यायचे, ठेवायचे. शेवंतीने थोडा वेळ बघितलं आणि मग म्हणाली की हाक मारून बघ, तुझा असेल तो भुंकेल. दुसरी कुणी बोलली असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मी तशीच ओट्यावर बसून राहिले. समोर देऊळ होतं. मी देवळाकडे पाठ केली.

तेवढ्यात एक बाई स्कूटी घेऊन आली. पंचविशीची असेल, बोईसरला कुठेतरी पॅकिंगच्या कामाला जाणारी, अंगावर कंपनीचा एप्रन तसाच. पायापाशी चादरीत गुंडाळलेला एक कुत्रा. सावळा, हाडकुळा, पुढच्या पायाला बँडेज आणि तोंड उघडं. कंपनीच्या गेटबाहेर ट्रकने उडवलं होतं त्याला. तिने शेवंतीकडून एक नारळ घेतला, देवळाकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. त्याला घेऊन आत जाता येईना आणि ठेवून जाववेना. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"माँजी, ये नारियल आप माता के सामने रख देंगी? डॉक्टर बोला है, आज-कल का कुछ पता नहीं।"

मी म्हणणार होते की मी त्या देवळात जात नाही. म्हणणार होते की बाई, मीसुद्धा मागितलं होतं, मिळत नाही. दोन्ही वाक्यं अगदी ओठावर आली होती. पण ती ज्या तऱ्हेने त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती, ते मला माहीत होतं. मी नारळ घेतला. कुत्र्याचं नाव काय, एवढंच विचारलं.

"अभी नाम नहीं रखा। बचेगा तो रखेंगे।"

इतक्या वर्षांनी मी पायऱ्या चढले. काही घडलं नाही. घंटा तीच, तेलाचा वास तोच, देवीही तशीच बसलेली. गुरवकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि इतकी वर्षं कुठे होतीस असं विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. नारळ हातात घेऊन नेहमीसारखं म्हणाले, "कोणाच्या नावानं वाढवू?"

आता काय सांगणार? नाव नव्हतंच. आणि नाव नाही असं देवीसमोर म्हणायला माझी जीभ रेटेना. बिननावाचा गेला तर त्याला कोण आठवणार? माझ्या तोंडून निघालं, पोपट.

काकांचा हात थांबला. पोपट त्यांना चांगला ठाऊक होता. देवळाच्या सावलीत येऊन आडवा व्हायचा, आणि काकांनी त्याच्यावर किती तांबे पाणी ओतलं असेल, गणती नाही.

"आपला पोपट?"

मी हो म्हटलं, आणि मग सगळंच सांगून टाकलं. माड कशावर वाढलाय, नारळ कसे मिसळले, हा त्यातला असेल किंवा नसेल, बाहेर कोण उभी आहे, जाऊबाई काय म्हणाल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, हा ढीग दुकानात आल्यापासून त्यातले कितीतरी मी वाढवले, देवीनं एकही परत नाय केला. मग त्यांनी खणखणीत आवाजात पोपटचं नाव घेऊन नारळ वाढवला. पाणी देवीच्या पायांवर गेलं. मी हात जोडले तेव्हा तिच्याशी बोलायचं जे ठरवलं होतं, ते आठवलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी येत राहिलं, आणि ते मी पुसलं नाही.

खाली येऊन नारळाची एक वाटी त्या बाईच्या हातात दिली आणि सांगितलं की नाव ठेवून झालं, देवीसमोर सांगूनही झालं. पोपट. ती म्हणाली, पोपट मतलब तोता? आणि हसली. मग वाकून तिने त्याच्या कानात दोनदा ते नाव घेतलं. खोबऱ्याचा तुकडा दाताने चावून मऊ केला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. त्याने खाल्ला नाही, नुसता चाटला. उरलेला तुकडा तिने मला दिला. मी तिथे उभ्यानेच खाल्ला.

ती मला पुन्हा भेटली नाही. तो जगला की गेला, मला ठाऊक नाही. बोईसरला जाणं झालं की गेटबाहेरच्या कुत्र्यांकडे बघते, पण त्या चादरीतला मला ओळखता येईल असं वाटत नाही. जाऊबाईंनी विचारलं, दिलास काय गो तो नारळ? मी म्हटलं, मी कोण देणार, माझ्याआधीच पोचला होता. दुसऱ्या दिवशी विहिरीकडच्या माडाला त्यांनी पाणी घातलेलं मी बघितलं.

मला यातून काय कळलं ते मोठं काही नाही. अमुकच फळ, माझ्याच हातून, मी म्हणेन त्या दिवशी, असा मी हट्ट धरून बसले होते. माझ्या हातून ते सुटलं आणि तेव्हाच देवीच्या दारी गेलं. पोपट का गेला, हे मला तिने आजही सांगितलेलं नाही, आणि मीही आता विचारत नाही. तीन मुके जीव माझ्या दारात जगले, माझ्या हातचं खाऊन गेले, एवढं तिने दिलं. त्यासाठी मी तिची ऋणी आहे.

आता दर मंगळवारी जाते. सोम्याचं नाव घेते, चिंगीचं घेते, मग पोपटचं घेते. कुठल्या पोपटचं, ते ती बघून घेते.