बालाजीने बसवलेलं कार्ड

बालाजीविषयी लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. घरात त्याचं नाव निघालं की मी उठून अंगणात जायचो. परवा तो वारल्याचं कळलं. आता तरी लिहायलाच हवं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा इतका भित्रा माणूस नांदेडात दुसरा नसेल. डबा उघडण्याआधी तो खिडकीच्या गजाला हात लावायचा, अंगातली वीज उतरावी म्हणून. मग आम्हाला मागे सरकवायचा. ‘‘सर, मला याचं लई भ्या वाटतं. भ्या हाय म्हणून तर हात जपून चालतो.’’

सून हसायची, ‘‘बालाजीभाऊ, बॉम्ब आहे का तो?’’

‘‘वहिनी, बॉम्ब एकदाच फुटतो. गिऱ्हाईक रोज फोन करतंय!’’

माझा मुलगा प्रशांत बँकेतून आला की गेम खेळायचा. जुन्या ग्राफिक्स कार्डावर नवे गेम अडखळायचे, म्हणून त्याने मोठ्या हौसेने नवं कार्ड मागवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बालाजीने ते बसवलं. पडद्यावर चित्र उमटेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम होता. जाताना म्हणाला, ‘‘किती तापतंय ते उद्या येऊन बघतो. तवर झाकण उघडंच राहू द्या. पण कुणी हात लावू नका.’’

दसऱ्याला मी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सरसुद्धा. त्या सकाळी टेबलाखालच्या उघड्या डब्यात ते नवंकोरं कार्ड दिसलं. त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि फुलाने पाणी शिंपडलं.

थोड्या वेळाने प्रशांतने बटण दाबलं. चट्ट आवाज झाला, जळका वास सुटला.

‘‘कुणी हात लावला याला?’’ तो ओरडला.

बायको गेल्यापासून मी मुलाच्या आधाराने राहतो. त्याच्या रागाला मी किती भितो, हे त्याला आजही माहीत नाही. ‘‘कुणी नाही,’’ मी म्हणालो. ‘‘बालाजीचंच काही चुकलं असेल.’’ प्रशांत त्याला फोन करायला बाहेर गेला तेवढ्यात मी रुमालाने कुंकू-अक्षता पुसून काढल्या.

बालाजी सणाच्या कपड्यांतच धावत आला. कार्डाच्या पंख्यात कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. त्याने तो चिमट्याने काढला आणि माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, असं वाटून मी रुमाल खिशात खोल कोंबला. त्याने दाणा खिशात टाकला.

‘‘माझ्याकडूनच झालं, साहेब,’’ तो प्रशांतला म्हणाला. ‘‘दुसरं आणून बसवतो.’’

बसवलंही. पण प्रशांतने बँकेत सांगितलं, बँकेतल्यांनी कॉलनीत. लोक बालाजीकडे जाईनासे झाले. त्याचं दुकान बंद पडताना मी पाहत राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात हदगावच्या बसस्टँडवर तो मोबाईलची कव्हरं विकताना दिसला. वाकून पाया पडला.

‘‘सर, कार्ड चालून राहिलं का?’’

‘‘चालतंय.’’

‘‘मंग झालं.’’

वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ‘‘बालाजी, त्या दिवशी मी...’’ तेवढ्यात प्रशांत उसाच्या रसाचे ग्लास घेऊन आमच्याकडे येताना दिसला.

‘‘काय म्हणलात, सर?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘ऊन फार आहे. टोपी घालत जा.’’