हिरवी मोटार

पेट्रोलचा वास आला की निजामाच्या राजवटीतली, गुलमंडीजवळच्या आमच्या घरासमोरची ती सकाळ आठवते.

माझं लग्न मला न विचारताच ठरलं होतं. जावयाला देण्यासाठी वडिलांनी दोन विलायती स्पोर्ट्स मोटारी बघायला मागवल्या होत्या, एक लाल आणि एक हिरवी. नवरदेव दोन्हींत बसून बघत होते. लाल लगेच सुरू झाली. हिरवीला हँडल मारून मारून ड्रायव्हर घामाघूम झाला.

"सुमे, तुला कोणती पसंत?" वडिलांनी कौतुकानं विचारलं.

"हिरवी," मी म्हणाले. "ती लवकर निघत नाही."

नवरदेव हसले. "बाईमाणसाला मोटारीतलं काय कळतं! लालच घेऊ."

वडील मात्र हसले नाहीत. माझ्याकडे न बघताच ते आत गेले. तेव्हा त्यांचा फार राग आला होता. आता वाटतं, नाही म्हणायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.