काकांची शिफारस

२००८च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंटर्न होते. एम.एस.चं एक वर्ष झालं होतं, माझ्याकडे गाडी नव्हती, आणि तिथे गाडी नाही म्हणजे माणसाला पाय नाहीत. ज्यांच्या हाताखाली मला दिलं होतं ते पुण्याचे, पन्नाशीला आलेले इंजिनिअर. पहिल्या दिवशी मी त्यांना अमेरिकन पद्धतीनं नावानं हाक मारायला गेले, दोनदा अडखळले, आणि संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये पोचेपर्यंत ते काका झाले होते. दुसऱ्या दिवसापासून तेच मला आणायला-सोडायला लागले. काकू त्यांच्या डब्यात माझ्यासाठी दोन पोळ्या जास्त घालायच्या.

काका मीटिंगमध्ये तोंड उघडत नसत. कुणाचं ड्रॉइंग चुकलं तर बोभाटा न करता स्वतःच दुरुस्त करून ठेवत. मी एकदा एका ब्रॅकेटची भोकं चक्क उलट्या बाजूला दाखवली होती. सकाळी बघते तर सगळं जागच्या जागी, आणि काका विचारतायत, "चहा घेणार का?" मला शरमेनं मेल्यासारखं झालं. त्या एका चहातून मी जेवढं शिकले तेवढं दोन सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते.

गाडीत त्यांचा विषय एकच, ग्रीन कार्ड. कंपनीमार्फत केलेला अर्ज कितीतरी वर्षं रांगेत होता. नोकरी टिकली तर कार्ड येणार. गेली तर व्हिसाही गेला, चंबूगबाळं उचलून परत. मुलगी अकरावीत होती, चार वर्षांची असताना आलेली, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. "हिचं हायस्कूल तेवढं होऊ दे, मग पुढचं पुढे," ते म्हणायचे. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

जुलैत आम्हा सगळ्या इंटर्न्सना एका हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराच्या लीडरशिप सेमिनारला पाठवलं. गोल टेबलं, छातीवर नावाचं स्टिकर, आणि सकाळी आठ वाजताच उत्साहानं उतू जाणारा एक प्रशिक्षक. मोठ्यांदा बोला, स्वतःचं काम स्वतः दाखवा, असं चाललं होतं. मी मनातल्या मनात त्याची टर उडवत बसले होते. एवढी स्वतःची टिमकी आमच्याकडे फक्त निवडणुकीत वाजवतात.

दुपारी त्यानं सांगितलं, ऑफिसात ज्याच्यात तुम्हाला लीडर दिसला त्याच्याबद्दल दोन मिनिटं बोला. मागे आमचा डायरेक्टर येऊन बसला होता. मला वाटलं, देवच पावला. आई म्हणते, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. म्हटलं, आज काकांचे गहू मी विकून दाखवते.

उभी राहिले आणि म्हणाले, "ते कधी श्रेय घेत नाहीत. कुणाला नाही म्हणत नाहीत. आमच्या चुका स्वतः निस्तरतात आणि कुणाला कळूसुद्धा देत नाहीत. शनिवारीही येऊन बसतात." आमच्याकडे कुणाबद्दल असं बोललं असतं तर ऐकणाऱ्यानं हात जोडले असते.

प्रशिक्षकानं माझी चारही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांकडे वळून विचारलं, "मग यातून टीम काय शिकली?" एक मुलगा म्हणाला, चुका लपवल्या जातात. दुसरी म्हणाली, याला काम सोपवता येत नाही. तिसऱ्यानं सांगितलं, याची माणसं वाढत नाहीत. प्रशिक्षक खूश. मी म्हणाले, "नो, नो, तसं नाही!" तर सगळे प्रेमानं हसले. डायरेक्टर वहीत काहीतरी लिहीत होता.

पुढचं सांगायला मला जड जातं. चहाच्या सुट्टीत तो डायरेक्टर माझ्यापासून दहा पावलांवर एकटा उभा होता. मी जाऊ शकत होते. पण मलाही तिथे नोकरी हवी होती, आणि त्याच्यासमोर मी दिवसभरात एकदा वेडी ठरले होते, ते पुरे होतं. मी बिस्किटं घेतली आणि टेबलावर परतले.

ऑगस्टच्या शेवटी कामावरून काढलेल्यांची यादी आली, तीत काका होते. त्या दिवशीही त्यांनीच मला घरी सोडलं. मागच्या सीटवर त्यांच्या टेबलावरच्या सामानाचा खोका. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "डायरेक्टर सांगत होता, तुमच्या इंटर्ननंच सेमिनारमध्ये सांगितलं म्हणून. काय बोललीस गं?"

मी रडत रडत चारही वाक्यं मराठीत सांगितली. त्यांनी गाडी बाजूला घेतली. आता मला बोलतील, बोलायलाच हवं, असं मला वाटत होतं.

"एवढ्या लोकांत असं बोललीस माझ्याबद्दल?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नाही गं. चल घरी. काकूला सांग, जसंच्या तसं."

मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी गाडी घराकडे वळवलीच. नोकरी गेल्याचं त्यांनी दुपारीच घरी फोनवर सांगितलं होतं. स्वयंपाकघरात काकू भाजी चिरत होत्या, मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. काकांनी मला पुढे केलं. मी खाली बघून पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. काकूंनी सुरी ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मुलीनं वहीतून मान वर केली. "बाबा, दॅट्स व्हाय दे फायर्ड यू," ती म्हणाली.

"गप्प बस," काका म्हणाले. "चांगलं बोललीये ती."