कुंदानं न विचारलेला प्रश्न

ग्रुपवर फोटो आला तेव्हा मी पाचवीची हजेरी घेत होते. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांच्या, सगळ्या शिक्षकांचा हा ग्रुप. सत्कार असो, वाढदिवस असो की बदली, फोटोभोवती तीच झेंडूच्या फुलांची चौकट असते. चौकटीत कुंदा हसत होती. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाच हवं, नाहीतर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. मनात आलं, पुन्हा हिचाच सत्कार... आणि खालची ओळ न वाचता मी मोबाइल पालथा ठेवला. दहा मिनिटांनी मुख्याध्यापक सर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "शालिनी मॅडम, ग्रुप पाह्यला नाही का तुम्ही? कुंदा मॅडम गेल्या. सकाळीच झटका आला म्हणते." ती दोन दिवसांची रजा टाकून यवतमाळला लेकीकडे गेली होती. सोमवारी परत येणार होती. मी हजेरी पूर्ण केली, सही केली, आणि मग मोबाइल सुलटा करून ती खालची ओळ वाचली.

कुंदा माझी मैत्रीण होती. हे खरं आहे, आणि मी तिच्यावर सव्वीस वर्षं जळले हेही खरं आहे. यवतमाळला डी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी वर्गात पहिली, ती कुठेतरी मधल्या फळीत. माझं फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या तुकडीच्या मुली यायच्या, माझं पाठाचं टाचण नमुना म्हणून फिरायचं. पण सराव पाठ संपले की शाळेची पोरं कुंदाच्या मागे फाटकापर्यंत जायची. माझ्यामागे कोणी आलं नाही. माझं पोट तिथून दुखायला लागलं ते लागलंच. पुढे दोघींच्या नेमणुका वेगवेगळ्या झाल्या, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. मग बदल्या झाल्या आणि राळेगाव तालुक्यातल्या एकाच शाळेत आम्ही समोरासमोर आलो. मी पाचवीची वर्गशिक्षिका, ती सहावी-सातवीला गणित शिकवणारी. तिला गाडी चालवता येत नव्हती. अकरा वर्षं ती माझ्या स्कूटीवर मागे बसून आली-गेली. "शाले, आज त्या पोट्टीनं काय उत्तर देल्लं मालूम हाय का तुले?" हे तिचं रोजचं सुरू व्हायचं आणि मी स्कूटीचा वेग वाढवायची. वाऱ्यात ऐकू येऊ नये म्हणून.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. मुलाला वर्षअखेर नेमकं काय यायला हवं याची आमच्याकडे यादी असते. तिला अध्ययन निष्पत्ती म्हणतात. ‘अपूर्णांकांची बेरीज करतो’, ‘दशांश अपूर्णांकांची तुलना करतो’, अशा ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. आलं तर बरोबरची खूण. तपासणीची तारीख कळली की आम्ही बहुतेकजण एका दुपारी बसून सगळे चौकोन भरून टाकतो. माझी नोंदवही तालुक्यात नावाजलेली होती, निळ्या शाईच्या खुणा शिवणयंत्राच्या टाक्यांसारख्या एका ओळीत. कुंदाची वही म्हणजे नुसती खाडाखोड. ती खुणा पेन्सिलीनं करायची आणि पुसायची. जुलैत आलेला भागाकार दिवाळीनंतर विसरला की खूण गायब. एकदा तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुख साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, की मॅडम, हे काय आहे? ती म्हणाली, "सर, पोरगं विसरलं तं मी तरी काय करू, खोटं कसं लेहू?" साहेब तिच्यावर चिडले. त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.

पण तिच्याकडे सहावीत जाणारी मुलं माझी असायची, हा खरा घोळ होता. एका जूनमध्ये मी तिच्या खिडकीवरून जाताना थबकले. पोरं फरशीवर बसली होती आणि मध्ये कागदाची एक मीटर लांब पट्टी अंथरलेली होती. तिनं विचारलं होतं, ०.५ मीटरची पट्टी लांब की ०.४५ मीटरची? अख्खा वर्ग ०.४५ च्या बाजूनं. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, मग भांडण कसलं? यातल्या प्रत्येक मुलापुढे पाचवीच्या वहीत मी निळी खूण केली होती. कुंदा त्यांना चूक म्हणाली नाही. तिनं कात्री पुढे केली. "काप मंग दोन्ही. अन् ठेव एकमेकीवर." पट्ट्या कापल्या, ठेवल्या, आणि ०.४५ आखूड भरली तशी पोरं अशी गोंधळली, की जणू पट्टीनंच त्यांना फसवलं. "काहून झालं आसं?" तिनं विचारलं. काहून, म्हणजे का, हा तिचा प्रश्न. बरोबर उत्तरालाही काहून, चुकीच्यालाही काहून. कोणी तरी हळूहळू म्हणालं, की मीटरचे दहा तुकडे केले तर एक तुकडा मोठा असतो, शंभर केले तर बारका... मी तिथून निघाले. दरवर्षी दोन महिने ती माझी पाचवी पुन्हा शिकवत होती आणि तिनं कोणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मलाही नाही. तिनं माझी तक्रार केली असती तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते, मोकळी झाले असते. तिनं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

त्यानंतरच्या वर्षी शिक्षण परिषद आमच्या शाळेत भरली. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक जमतात आणि कोणीतरी सगळ्यांसमोर आदर्श पाठ घेतो. पाठ अर्थातच कुंदाचा. विषय दशांश अपूर्णांकांची तुलना. दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "शाले, तुहा वर्ग देशीन का मले? पाचवीचीच पोरं पायजेत." मी म्हटलं, "घे ना, त्यात काय." आणि आदल्या दिवशी मी दुपारचे चारही तास गणित घेतलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिला, की आकडे कमी असतील तर शेवटी शून्य लावा आणि मग मोठा कोणता ते बघा. ०.५ चे ०.५० करा. पन्नास मोठे. घोकून घेतलं, उभं करून म्हणून घेतलं, ओळीनं म्हणून घेतलं. शिक्षकच शिक्षकाचा असा घात करू शकतो. तिचा सगळा पाठ पोरांच्या चुकीवर उभा होता, आणि ती चूकच मी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी अंथरली, कात्री ठेवली आणि विचारलं, "सांगा, कोनती लांब निंगन?" पूर्ण वर्ग एका सुरात ओरडला, "शून्य पूर्णांक पाच, मॅडम." तिनं खडू उचलला. मग ०.७ आणि ०.६८ लिहिलं. पुन्हा एका सुरात बरोबर. चाळीस मिनिटांचा पाठ आठ मिनिटांत आटोपला, कात्री जिथल्या तिथे. कुंदा पहिल्या ओळीतल्या एका मुलीपाशी वाकली. कुंदाचे ओठ उघडलेले मला दिसले, काय विचारणार तेही मला माहीत होतं. त्या मुलीला कारण सांगता आलं नसतं, वर्गातल्या कोणालाच आलं नसतं, आणि पन्नास शिक्षकांसमोर माझी निळी शाई उघडी पडली असती. त्याच वेळी तिनं मान वर करून मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं... माझ्या तोंडावर तिला काय दिसलं कोण जाणे. ती सरळ झाली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाबास." साहेब खूश झाले. पाचवीच्या वर्गशिक्षिका कोण म्हणून त्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकली ती कुंदानं.

परत येताना ती मागे गप्प बसली होती. मी वेग वाढवला नाही. नाल्याजवळ ती म्हणाली, "पोट्टे हुशार हायेत तुहे." मी हूं म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "पण उद्या त्याइले इचारजो, काहून ते." मी विचारलं नाही. जूनमध्ये तीच पोरं तिच्याकडे गेली आणि भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज जुलै संपेपर्यंत येत राहिला. त्या पाठाचा विषय तिनं पुन्हा कधीच काढला नाही. ती मला तिळगूळ द्यायची, माझ्या मुलाच्या लग्नात चार दिवस राबली, आणि मी तिच्या प्रत्येक चांगुलपणाचा हिशेब उलटा मांडत गेले. हिला मोठी व्हायचं असतं, म्हणून ही असं करते, असं मी स्वतःला सांगायची. माफ करणाऱ्याचा इतका राग येऊ शकतो हे मला अनुभवानं कळलं.

या महिन्याच्या परिषदेत आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो. नवे केंद्रप्रमुख म्हणाले, की कुंदा मॅडमचा तो दशांशाचा पाठ आणि शालिनी मॅडमची ती तयार मुलं अजून लोक आठवतात. मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, आता सांगून टाकावं असं ठरवूनच, आणि तोंडातून काय निघालं? "कुंदा मॅडम अत्यंत वक्तशीर होत्या." अकरा वर्षं माझ्या पाठीमागे बसलेल्या बाईबद्दल मला तेवढंच बोलता आलं. म्हणून हे इथे लिहिते आहे. तिथे बसलेल्यांपैकी कोणी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असेल, तर त्या टाळ्या त्यांनी परत घ्याव्यात.

नवीन शिक्षक मिळेपर्यंत सातवीचं गणित माझ्याकडे दिलंय. परवा सरासरी घ्यायची होती. शाळेला लागूनच पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं वावर आहे. मालकाला विचारून मुलांना नेलं आणि पाच झाडांची बोंडं मोजायला लावली. अठरा, बावीस, वीस, पंचवीस, वीस. वर्गात परत येऊन बेरीज केली, एकशे पाच, पाचानं भागलं, एकवीस. बरोबर, पुढचं उदाहरण, असं म्हणणारच होते. पण तिच्या वर्गाची ती पोरं बसेचनात, तिच्या ‘काहून’ची वाट बघत नुसती उभी. शेवटी मी विचारलं, "एकवीस बोंडांचं झाड तर एकही नाही. मग हे एकवीस आलं काहून?" सूत्रापलीकडचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मग कोमल नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, एकवीस कोन्याच झाडाचं नाही. पण समद्याइले सारखं करायचं असंन तं कोनं द्यायचं अन् कोनं घ्यायचं, थे एकवीसवरून समजते. पंचवीसवालं चार देईन, बावीसवालं एक. अठरावालं तीन घेईन, दोन्ही वीसवाले एक एक. देल्लं पाच, घेतलं पाच."

मी मनातल्या मनात दोनदा ताळा केला. सव्वीस वर्षांत सरासरीकडे असं मी कधी बघितलं नव्हतं. आणि लगेच ते जुनं पोटातलं दुखणं उठलं. मी विचारलं, "हे कुंदा मॅडमनं शिकवलं का तुले?" ती म्हणाली, "नाही मॅडम. सरासरी तं त्याइनं घेतलीच नाही. आत्ताच सुचलं मले." म्हणजे हे उत्तर कुंदानं ऐकलेलं नव्हतं. ते फक्त माझ्या वाट्याला आलं होतं. तिच्याकडे नाही असं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे होतं, आणि ते कोणाला सांगावं तर तिच्याशिवाय मला कोणीच आठवेना.