ऐकू येणारी समीकरणं

गायकवाड सर गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांनीच लिहून दिलेला त्रिकोणमितीचा धडा माझ्या स्क्रीनवर अर्धा टाइप झालेला होता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले... सकाळी चहा मागितला आणि गेले." महिना झाला त्याला. अजूनही दुपारी दुकानाचं दार उघडलं की मी मान वर करतो.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे. क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं करत आलोय आणि माझ्या देखण्या समीकरणांचा मला भारी तोरा. अंबरनाथ पूर्वेला राहणारे सर, निवृत्त गणित शिक्षक, एके दिवशी बदलापूरच्या प्राचीला घेऊन आले. दहावीची मुलगी, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. कॉम्प्युटर वाचून दाखवतो ते ऐकून अभ्यास करते. सरांनी माझीच एक फाइल तिला ऐकवली. शब्द नीट आले, पण समीकरण आलं की यंत्र म्हणायचं, "चित्र". पुन्हा "चित्र". कारण आम्ही समीकरणाचं चित्र करून चिकटवतो. छापून झकास दिसतं, काम संपलं. प्राची हसून म्हणाली, "काका, तुमच्या गणितात सगळी चित्रंच आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेत सगळे तिला गणित सोड म्हणत होते. सोडायची तिची तयारी नव्हती आणि सरांची तर त्याहून नव्हती. त्यांनी कुठूनसं समीकरणं लिहायचं मोफत सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्यातून काढलेली फाइल यंत्राला वाचता येते. मी नाक मुरडलं, "सर, फुकटातलं काय टिकणार?" ते तापले. "फुकट नाही रे, कुणीतरी आपल्यासाठी राबून ठेवलंय. तू फक्त शिक." सत्तरीचा माणूस रोज माझ्या शेजारी बसून एका बोटानं टाइप करायचा आणि माझा कंस चुकला की दुकानभर ओरडायचा. शेजारचा सिंधी शेठ हसायचा, "मास्टरजी ने तो तेरे को ही दसवीं में बिठा दिया!"

सर गेल्यावर आठवड्याच्या आतच प्राचीचा फोन आला. थोडी रडली. मग म्हणाली, "काका, पुढचा धडा कधी देणार?" मला रागच आला... माणूस जाऊन आठ दिवस नाहीत! पण परीक्षा काही आमच्या दुःखासाठी थांबणार नव्हती. मी गणितात दोनदा नापास झालेला. तरी बसलो, सरांचं अक्षर लावत ओळ न् ओळ उतरवली आणि फाइल पाठवली.

तासाभरात फोन. "काका, वर्गाचा दोन साइनवर पाहिजे, तुम्ही थीटावर बसवलाय. असं लिहिलं तर साइन आणि कॉसच्या वर्गांची बेरीज एक कशी येईल?" आवाज चांगलाच चढलेला. ताडून पाहिलं, तर पोरीचं बरोबर होतं. नुसतं ऐकून तिनं पकडलं होतं.

"परत असं नका करू हां काका. पेपर मला द्यायचाय."

"हो बाई," म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, कीबोर्ड नीट दिसत नव्हता. तरी तो दोन उचलून साइनवर बसवला, फाइल पुन्हा पाठवली आणि पुढचं उदाहरण घेतलं.